खलनायिकेचं खेळणं खपत नाही म्हणे

२०१३ सालच्या ‘आयर्न मॅन ३’मध्ये खलनायकाच्या जागी आधी एक बाई होती. पटकथा तशी लिहून झाली होती. मग मार्व्हल कंपनीच्या वरच्या मजल्यावरून निरोप आला की हे चालणार नाही, बाईचं खेळणं पुरुषाच्या खेळण्याइतकं खपत नाही. पटकथा बदलली, बाईचं काम कापलं गेलं आणि पडद्यावर गाय पीअर्सचा आल्ड्रिच किलियन आला. हे कुणा टीकाकाराचं अनुमान नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक शेन ब्लॅक याने २०१६ मध्ये एका मुलाखतीत स्वतः सांगितलेली हकीकत आहे.

म्हणजे कोट्यवधी माणसं जी गोष्ट पाहणार, ती लेखकाने ठरवली नाही, दिग्दर्शकानेही नाही. ती ठरवली अजून साच्यातून बाहेरही न पडलेल्या वीतभर प्लॅस्टिकच्या पुतळ्याने. सिनेमा आधी आणि खेळणी मागून, असं आपण समजत होतो. वरात उलटी निघाली आहे आणि तिच्या पुढे हिशेबनीस चालतो आहे.

मार्व्हलमध्ये हे घडावं याला कारण आहे. तिथे तेव्हा ज्यांचा शब्द चालत होता ते आयझॅक पर्लमटर मुळात खेळण्यांच्या धंद्यातले. त्यांच्या टॉय बिझ या खेळणी कंपनीने १९९८ मध्ये दिवाळखोर मार्व्हलला आपल्यात सामावून घेतलं. स्त्री-नायिकांचे सुपरहिरोपट कसे आपटतात याची उदाहरणं देणारी, २०१४ मध्ये त्यांनी सोनीच्या प्रमुखांना पाठवलेली ई-मेल पुढे सोनीची संगणकयंत्रणा फोडली गेली तेव्हा चव्हाट्यावर आली. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ने जगभरात ११० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. पण त्याआधीची दहा-अकरा वर्षं ज्या मुली मोठ्या झाल्या, त्यांच्या वाट्याला एकट्या बाईच्या नावावरचा मार्व्हलचा एकही चित्रपट आला नाही. त्यांचं बालपण परत देता येत नाही.

२०१५ घ्या. मार्व्हलच्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये ब्लॅक विडो ही नायिका विमानातून मोटरसायकलसकट खाली रस्त्यावर उतरते. चित्रपटातलं हे दणदणीत दृश्य. हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने त्याचं खेळणं काढलं. तेच विमान, तीच मोटरसायकल आणि मोटरसायकलवर कॅप्टन अमेरिका! बाईने केलेला पराक्रम खोक्यात शिरताना पुरुषाच्या नावावर झाला. हल्कचं काम करणाऱ्या मार्क रफेलोला ट्विटरवर जाहीर विनंती करावी लागली की माझ्या मुलींसाठी आणि पुतण्या-भाच्यांसाठी ब्लॅक विडोच्या वस्तू काढा. चित्रपटातल्या प्रमुख नटाला आपल्याच चित्रपटाच्या कंपनीकडे अशी याचना करावी लागते!

त्याच वर्षी डिसेंबरात ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग आला. नायिका रे. अख्खी गोष्ट तिच्याभोवती फिरते. हॅस्ब्रोच्या त्या चित्रपटावरच्या मोनोपोलीत चार सोंगट्या होत्या: ल्यूक, डार्थ व्हेडर, फिन आणि कायलो रेन. डार्थ व्हेडर तर १९८३च्या भागातच मेलेला. मेलेल्याला जागा मिळाली, नायिकेला मिळाली नाही. अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या एका मुलीने कंपनीला पत्र लिहिलं, ते गाजलं, आणि कंपनीने सांगितलं की चित्रपटाचं रहस्य फुटू नये म्हणून रे ठेवली नव्हती. बरं, मग पुढच्या आवृत्तीत तिला घेतो म्हणाले. घेतलीही. पण दीड वर्षाने कळलं की ती आवृत्ती अमेरिकेबाहेर काही देशांतच गेली, कारण अमेरिकेतल्या दुकानदारांनी पुरेसा रस दाखवला नाही. पत्र लिहिणारी मुलगी अमेरिकेतली होती.

हे सगळं बेफिकिरीतून होतं असं मानायला मी तयार नाही. इतक्या मोठ्या कंपन्यांत डब्यावरच्या अक्षराच्या रंगासाठीही बैठका होतात. बाईचा पुतळा वगळला जातो तो ठरवून. आणि ठरवण्यामागचं गणित साधं आहे. घरात मुलगी मोठी आणि मुलगा धाकटा असेल, तर तिची सायकल, तिचा ठोकळ्यांचा डबा, तिचं स्वयंपाकघर त्याला चालायला हवं. आपल्या घरांत कपड्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळं असंच धाकट्याकडे जात आलं आहे. पण सायकल गुलाबी केली, तिच्यावर राजकन्या चिकटवली आणि मुलाच्या मनात भरवलं की गुलाबीवर बसलास तर मित्र हसतील, की त्याच घरात दुसरी सायकल विकली जाते. मुलांना दोन गटांत तोडलं की प्रत्येक वस्तू दोनदा खपते. बाकी ‘मुलींचं भावविश्व’, ‘मुलांची साहसी वृत्ती’ वगैरे भाषा ही या गणितावर टाकलेली शाल आहे.

आणि हे असंच कायम चालत आलंय, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एलिझाबेथ स्वीट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीचे जुने कॅटलॉग पानपान तपासले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यात मुलींना केरसुणी आणि मुलांना हत्यारं असा स्पष्ट भेद होता. पण १९७५च्या कॅटलॉगमध्ये ‘हे मुलांचं’, ‘हे मुलींचं’ असं उघड सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने दहा-पंधरा वर्षांत ही सुधारणा करून दाखवली होती. मुलांचा स्वभाव दहा-पंधरा वर्षांत बदलत नाही. बदलली होती ती विकणाऱ्यांची हिंमत. त्यांना लोकांची थोडी भीती वाटू लागली होती.

मग ती भीती काढून टाकण्यात आली. १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या मोटारींवर कार्टून मालिका आली, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तिला मालिकेच्या वेषातली जाहिरात ठरवलं होतं. रेगन यांच्या काळात, १९८४ मध्ये, त्याच आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधनं उठवली. बांध फुटला. ‘ही-मॅन’ १९८३ पासून सुरू होताच. पाठोपाठ ‘ट्रान्सफॉर्मर्स’, ‘जी. आय. जो’, ‘माय लिटल पोनी’. अर्ध्या तासाची मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात. आणि जाहिरातीला गिऱ्हाईक नेमकं लागतं, म्हणून मालिका मुलग्यांची किंवा मुलींची होऊ लागली.

आपल्याकडे रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ बघत वाढलेली पिढी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. त्या ही-मॅनला एक जुळी बहीण होती, शी-रा. मॅटेल या खेळणी कंपनीने १९८५ मध्ये तिला बाजारात आणलं, खास मुलींसाठी. भावाइतकीच ताकद, हातात तलवार, स्वतःची वेगळी मालिका. इथवर छान. पण भावाचे केस प्लॅस्टिकचेच कोरलेले. बहिणीचे केस विंचरता येतील असे खरेखुरे लांब, आणि पुडक्यात तलवारीसोबत कंगवा. एकाच आईच्या पोटची ही जुळी भावंडं दुकानात मात्र वेगवेगळ्या मांडण्यांवर बसली, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. शी-रावर प्रेम करणाऱ्या मुली खूप होत्या आणि त्यांचं प्रेम खरं होतं. म्हणूनच राग येतो. एवढं चांगलं पात्र हाताशी असताना मुलग्यांना तिच्यापासून दूर ठेवण्याची काय गरज होती?

आता डिस्नेकडे येऊ, कारण हा खेळ त्यांच्याइतका पक्का कुणी खेळलेला नाही.

अँडी मूनी हे गृहस्थ नायकेतून, म्हणजे बुटांच्या धंद्यातून, २००० सालाच्या सुमारास डिस्नेच्या वस्तू-विक्री विभागाचे प्रमुख म्हणून आले. विभागाची विक्री घसरत होती. महिन्याभरात ते फिनिक्स शहरात बर्फावरचा डिस्नेचा खेळ पाहायला गेले. रांगेत आजूबाजूला डोक्यापासून पायापर्यंत राजकन्येचा वेष केलेल्या चिमुरड्या मुली. एकीच्याही अंगावर डिस्नेचा माल नव्हता. आयांनी कुठून कुठून जमवलेले, घरी जोडजाड केलेले कपडे होते. त्या मुली आपापल्या परीने खेळत होत्या, फुकटात, स्वतःच्या कल्पनेने. मूनींना तिथे न भरलेली बाजारपेठ दिसली. सिंड्रेला, स्नो व्हाइट, एरियल, जॅस्मिन अशा वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या गोष्टींतल्या मुली एका नावाखाली गोळा केल्या गेल्या: डिस्ने प्रिन्सेस. २००१ मध्ये या नावावरची विक्री ३० कोटी डॉलरची होती. २००६ मध्ये ३०० कोटींची. पाच वर्षांत दसपट, आणि वस्तू २५ हजारांहून जास्त.

वॉल्ट डिस्नेंचे पुतणे रॉय यांनी तक्रार केली की वेगवेगळ्या गोष्टींतली पात्रं अशी एकत्र आणू नयेत. तोड काय निघाली, ते ऐका. एकाच डब्यावर, एकाच चादरीवर या राजकन्या शेजारी शेजारी उभ्या राहतील, पण कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहणार नाही. प्रत्येकीची नजर वेगळ्या दिशेला. घरातल्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर तपासून बघा. सहा-सात मुली एकत्र आणि एकमेकींशी एक शब्द नाही. मैत्रीण नाही, भांडण नाही, कट नाही, खेळ नाही. आपल्याकडे चार मुली एकत्र आल्या की पहिल्यांदा कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीलाच इथे मनाई आहे.

त्यातही मुलानची गोष्ट मला सगळ्यात लागते. ती मुलगी चिलखत चढवून सैन्यात जाते आणि युद्ध जिंकते. स्थळ दाखवण्यासाठी नटवल्यावर तिचा जीव घुसमटतो, हे त्या चित्रपटाचं मर्म आहे. राजकन्यांच्या वस्तूंवर मात्र तिला वर्षानुवर्षं त्याच जीव घुसमटवणाऱ्या वेषात उभं केलं गेलं. चिलखत गेलं कुठे? चिलखताने गुलाबी डब्याचा मेळ बिघडतो. ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाचं २०१३ मध्ये तेच झालं. विस्कटलेल्या लाल केसांची, धनुष्यबाणाशिवाय न दिसणारी ही मुलगी अधिकृत राजकन्या व्हायची म्हटल्यावर तिचं नवं चित्र निघालं: कंबर बारीक, गळा खोल, केस बसवलेले, आणि धनुष्य गायब. जिने आपल्या मुलीवरून मेरिडा घडवली ती दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन उघडपणे संतापली. दोन लाखांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कुठे जुनं चित्र कंपनीच्या संकेतस्थळावर परत आलं. स्वयंवराला नकार देण्यासाठी जिने धनुष्य उचललं, तिच्या हातातून ते काढून घेणाऱ्यांनी स्वतःचा चित्रपट पाहिला नव्हता का? पाहिला होता. तरीही काढून घेतलं.

मुलींचा बंदोबस्त झाला, आता मुलगे राहिले. २००९ मध्ये डिस्नेने ‘डिस्ने एक्सडी’ ही ६ ते १४ वयाच्या मुलग्यांवर डोळा ठेवून वाहिनी काढली आणि त्याच वर्षी मार्व्हल सुमारे ४०० कोटी डॉलरला घेण्याचा सौदा केला. २०१२ मध्ये लुकासफिल्म, तेवढ्याच किमतीला. घरातली मुलगी राजकन्येची, मुलगा स्पायडरमॅनचा आणि बाबा ‘स्टार वॉर्स’चे. कुटुंबातल्या एकेका माणसावर चिठ्ठी लागली. आणि चिठ्ठ्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून नावंही बदलली. २००९चा ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ अपेक्षेइतका चालला नाही, तर खापर ‘प्रिन्सेस’ या शब्दावर. २०१० मध्ये ‘रॅपन्झेल’चं नाव ‘टँगल्ड’ झालं, मुलगे बिचकू नयेत म्हणून. ‘फ्रोझन’ ही दोन बहिणींची गोष्ट. तिच्या पहिल्या झलकेत बहिणी नव्हत्याच, एक हिममानव आणि एक रेनडियर गाजरासाठी झटापट करत होते. त्या चित्रपटाने पुढे सव्वाशे कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि एल्साचे निळे झगे ठाण्यापासून नाशिकपर्यंत प्रत्येक गॅदरिंगला दिसले. बहिणींची गोष्ट चालते, हे एवढ्या मोठ्या आकड्याने सिद्ध झालं.

तरी ‘मुली खेळणी घेत नाहीत’ हे पालुपद सुटत नाही. बॅटमॅनच्या गाजलेल्या कार्टून मालिकेचे लेखक पॉल डिनी यांनी २०१३ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं: साहसी मालिका मुली पाहू लागल्या की वाहिनीचे अधिकारी खूश होत नाहीत, चिंतेत पडतात. त्यांना मुलगे हवे असतात, कारण मुलगे पुतळे घेतात. मुली पडद्यासमोर बसल्या तर त्या गर्दीत मोजायच्या नाहीत. मुली का घेत नाहीत, हे मात्र या अधिकाऱ्यांनी दुकानात जाऊन पाहिलं नाही. पुतळ्यांची पेटी दुकानात येते तेव्हा तिच्यात पुरुष पात्रं भरपूर आणि बाई एखादीच असते. ती पहिल्या दिवशी संपते. नंतर आलेल्या मुलीला ती मिळत नाही. मग वर्षाअखेर तक्ता सांगतो, बाईच्या पुतळ्यांची विक्री कमी. जे ठेवलंच नाही ते खपणार कसं?

दबाव वाढला की कंपन्या एक सोपा मार्ग काढतात: मुलींसाठी वेगळं दालन. २०१५ मध्ये डीसी, वॉर्नर आणि मॅटेलने ‘डीसी सुपर हीरो गर्ल्स’ आणलं. मुलींना वंडर वुमन हवी ना, ही घ्या, पण तुमच्या बाजूची. लेगोने २०१२ मध्ये ‘फ्रेंड्स’ काढलं तेव्हा तर माणूसच वेगळा घडवला. लेगोच्या नेहमीच्या बाहुल्याचे दोन्ही पाय सुटे हलतात, मनगट फिरतं. फ्रेंड्समधल्या सडपातळ मुलीचे पाय एकत्रच हलतात आणि मनगट फिरत नाही. ती दिसते छान. धावू मात्र शकत नाही. तिचं धड नेहमीच्या बाहुल्याच्या पायांवर बसतही नाही, म्हणजे भावाबहिणीने तुकडे अदलाबदल करून तिसरंच काही बनवायची सोय गेली. आणि लेगोचं सगळं वैभव त्या अदलाबदलीत आहे.

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेलं असतं: मुलांना हेच आवडतं. भातुकली मुलींची आणि विटीदांडू मुलग्यांचा, हे काय डिस्नेने शिकवलं? नाही शिकवलं. आपली घरं या बाबतीत कधीच निर्दोष नव्हती आणि ते मी झाकणार नाही. पण भातुकलीच्या मांडावर शेजारचा मुलगा ‘पाहुणा’ म्हणून येऊन चुरमुऱ्यांचा भात खाऊन जात असे आणि कुणाच्या नफ्यातोट्याला धक्का लागत नसे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या आळीतला कारागीर लाकडी आंबा रंगवताना तो कुणासाठी आहे हे विचारत नव्हता. घरातला भेद आई, आजी, एखादी हट्टी मुलगी मोडू शकते. ज्या भेदावर हजारो कोटींची विक्री उभी आहे, तो मोडला जाऊ नये यासाठी पगारी माणसं नेमलेली असतात.

आणि यात मुलग्यांचं काय होतं, ते तर कुणी विचारतच नाही. २०२१ मध्ये लेगोनेच सात देशांतले पालक आणि ६ ते १४ वयाची मुलं मिळून सुमारे सात हजार जणांची पाहणी करवून घेतली. ‘मुलींच्या’ खेळण्यांशी खेळलो तर लोक हसतील, ही भीती ७१ टक्के मुलग्यांना होती. उलट बाजूची भीती मुलींमध्ये ४२ टक्के. मुलगी तलवार घेऊन धावली तर आज निदान कौतुक होतं. मुलाने बाहुलीला थोपटलं तर घरातलीच माणसं ती काढून घेतात. नंतर हॅस्ब्रोकडे गेलेली छोटी भट्टी, ईझी-बेक, १९६३ मध्ये आली तेव्हा निळसर हिरव्या रंगाची होती. पुढे गुलाबी-जांभळी झाली. आपल्या धाकट्या भावाला ती हवी आहे पण डब्यावर एकही मुलगा नाही, म्हणून एका तेरा वर्षांच्या बहिणीने २०१२ मध्ये सह्या गोळा केल्या, तेव्हा काळी-चंदेरी भट्टी निघाली. केक भाजायची इच्छा असलेल्या मुलाला परवानगी मिळवून देण्यासाठी बहिणीला चळवळ करावी लागली.

आपल्याकडेही दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा की मुलगी?’ वय नंतर. आवड तर विचारतच नाहीत. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या दोन टोपल्या असतात, एकीत एल्साच्या पर्सा, दुसरीत स्पायडरमॅनच्या बाटल्या. चुकीच्या टोपलीत हात घालणाऱ्या पोराला चार मोठी माणसं एकदम सांगतात, ‘अरे, ते मुलींचं!’ तीन वर्षांच्या मुलाला तेवढ्याने कायमचं कळतं. ते चौघे कंपनीचे पगारदार नसतात, तरी काम कंपनीचं करून जातात. हे थांबवायला कॅलिफोर्नियाचा कायदा लागत नाही. तिथे मोठ्या दुकानांना २०२४ पासून खेळण्यांचा एक तरी सामाईक विभाग ठेवावा लागतो, नाहीतर पहिल्या चुकीला २५० डॉलर दंड. गुलाबी आणि निळी मांडणी शेजारी तशीच राहू शकते. सुरुवात म्हणून चांगलं आहे, पुरेसं मुळीच नाही.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते मिळवायला रंगात शिसं किती, कडा टोचते का, कापड पेट घेतं का, छोटा भाग घशात अडकेल का, हे तपासावं लागतं. मूल कोणत्या वयाचं, हे तिथे महत्त्वाचं असतं. मुलगा की मुलगी, हा रकाना त्या तपासणीत कुठेही नाही.